नऊ वर्षे खिशात असलेला चाकू

यंदा मे महिन्यातच पाऊस सुरू झाल्यामुळे चाकू खोलून साफ करण्याचे दरवर्षीचे काम मला अंगणातल्या कट्ट्याऐवजी पडवीत, जुने वर्तमानपत्र अंथरून करावे लागले. सांध्याचा स्क्रू काढून मुठीची एक बाजू उचलली, तेव्हा पात्याच्या दोन्ही अंगांना बसणाऱ्या फॉस्फर ब्राँझच्या पातळ चकत्यांवर तपकिरी, चिकट थर दिसला. हा थर बेदाण्याच्या साखरेचा होता. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत शेडवर द्राक्षे वाळवून बेदाणा करण्याचे काम चालते, हाताला सतत द्राक्षाचा रस लागलेला असतो, त्याच हाताने चाकू उघडला आणि मिटला जातो, आणि सांध्यात शिरलेला रस तिथेच आटून काकवीसारखा घट्ट होतो. कोमट पाण्यात चकत्या दहा मिनिटे ठेवल्या की तो सुटतो. फडक्याने पुसल्यावर खालचा धातू पुन्हा पिवळसर चमकू लागला, आणि नऊ वर्षांच्या घर्षणाने त्यावर पडलेले बारीक गोल वण स्पष्ट दिसले. नखाला मात्र ते जाणवत नाहीत.

हा चाकू २०१६ च्या दिवाळीपासून माझ्याकडे आहे. माझा भाचा तेव्हा अमेरिकेत नोकरीला होता; माझ्या सांगण्यावरून त्याने तो घेतला आणि विमानात सोबत न ठेवता चेक-इनच्या सामानातून आणला. क्रिस रीव्ह नावाच्या दक्षिण आफ्रिकी कारागिराने १९८९ साली अमेरिकेत येऊन आयडाहो राज्यातल्या बॉइसी शहरात चाकूंचा कारखाना उभारला. त्या कारखान्याचा ‘सेबेंझा २१’ हा घडीचा चाकू, त्यातला लहान आकार, माझ्याकडे आहे. सेबेंझा हा झुलू भाषेतला शब्द असून त्याचा अर्थ ‘काम’ असा आहे. पाते सुमारे ७५ मिलिमीटर लांब, मूठ टायटॅनियमची आणि एकूण वजन सुमारे ८५ ग्रॅम. किंमत तीनशे डॉलरच्या वर होती. तेवढ्या पैशांत आमच्याकडच्या लोहाराने ट्रकच्या पाट्यापासून घडवलेले शंभर चाकू आले असते, असे घरात सर्वांचे मत पडले आणि हिशेबाने ते बरोबरही होते.

माझ्या वडिलांनी मात्र या हिशेबात भाग घेतला नाही. अण्णा किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात फिटर म्हणून निवृत्त झाले होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर तो कारखाना वसवला, आणि लोखंडी नांगर व चारा कापण्याचे यंत्र यांपासून सुरुवात झालेल्या त्या कारखान्याने आमच्या पलूस भागातल्या कित्येक घरांना मापाची सवय लावली. अण्णांनी चाकू हातात घेतल्यावर धारेकडे पाहिलेच नाही. त्यांनी तो अर्धवट उघडला, पाते दोन बोटांत धरून डावीकडे-उजवीकडे हलवून पाहिले, कानाजवळ नेऊन उघडझाप केली, आणि म्हणाले, “पात्याचं काय, आपला लोहार बी असं पातं काढंल. ह्येचा सांधा बघ. बुश घातलाय आत.”

त्यांचे हे बोलणे मला तेव्हा पूर्ण कळले नव्हते. आता कळते, आणि घडीच्या महागड्या चाकूविषयी मला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे, की त्यात आपण मोजतो ते पैसे पात्याचे नसून सांध्याचे असतात. सरळ, न मिटणाऱ्या चाकूला सांधा नसतो; म्हणून लोहाराचा दोनशे रुपयांचा चाकू कापण्याच्या कामात बहुतेक वेळा महागड्या चाकूच्या बरोबरीने उतरतो. पाते मुठीत मिटायचे ठरले, की ते ज्या खिळीवर फिरते तिथे परस्परविरोधी दोन गोष्टी साधाव्या लागतात: पाते मोकळे फिरले पाहिजे आणि तरीही ते जराही डुलता कामा नये. साध्या चाकूत खिळीचा रिव्हेट किंवा स्क्रू कमी-जास्त आवळून यातला मध्य शोधतात. आवळला तर पाते जखडते, सैल सोडला तर डुलते, आणि महिनाभर वापरल्यावर तो मध्य पुन्हा सुटतो. माझ्या चाकूत खिळीभोवती एक छोटी नळी, म्हणजे अण्णा म्हणाले तो बुश, आहे. त्याची लांबी पात्याची जाडी आणि दोन्ही चकत्यांची जाडी यांच्या बेरजेपेक्षा केसभर जास्त ठेवलेली असते. त्यामुळे स्क्रू शेवटपर्यंत घट्ट आवळला तरी मुठीच्या दोन्ही बाजू बुशवर टेकतात, पात्यावर दाब येत नाही, आणि पात्याला फिरायला नेमकी तेवढीच जागा उरते. घट्ट की सैल हा प्रश्नच उरत नाही. मात्र हा केसभर फरक प्रत्येक चाकूत पाळायचा तर यंत्र आणि माणूस दोन्ही तयारीचे लागतात.

दुसरी गोष्ट खटक्याची. मुठीच्या एका बाजूच्या टायटॅनियमच्या पाटीतच लांब काप घेऊन एक पट्टी मोकळी केलेली असते आणि ती आतल्या बाजूला किंचित कललेली असते. पाते पूर्ण उघडले की ती पट्टी सरकून पात्याच्या टाचेमागे जाऊन बसते. मिटायचे तर अंगठ्याने ती बाजूला दाबावी लागते. ही रचना रीव्ह यांनीच प्रचारात आणली आणि पुढे जगभरच्या कारागिरांनी उचलली. तिची खुबी अशी, की काम करताना मूठ जितकी घट्ट आवळावी तितकी तीच बोटे पट्टीला आत दाबतात आणि खटका अधिक पक्का होतो. मला याचे महत्त्व वाटते त्याला कारण आहे. २०१४ साली खटका नसलेल्या एका जुन्या चाकूने मी मांडवाच्या बांबूला बांधलेली काथ्याची दोरी उलट्या बाजूने कापत होतो; पाते अचानक मिटले आणि उजव्या तर्जनीवर बसले. तीन टाके पडले. त्या बोटाचे पेर थंडीत अजून आखडते.

आमची दीड एकर द्राक्षबाग आहे, त्यामुळे चाकूचे काम ऋतूप्रमाणे बदलत जाते. एप्रिलमधली खरड छाटणी आणि ऑक्टोबरमधली फळछाटणी ही कामे कात्रीची आहेत. तिथे चाकू पुढे करू नये. चाकूचे काम छाटणीच्या आजूबाजूचे असते. ओलांड्यांच्या, म्हणजे वेलीच्या आडव्या फांद्यांच्या, जुन्या सुतळ्या काढणे, १६ मिलिमीटरची ठिबकची नळी काटकोनात सरळ कापणे, खताच्या गोणीचा टाका नेमका सुटेल अशा जागी दोरा तोडणे, शेडनेटची फाटलेली कड साफ करणे, बेदाण्याच्या पंधरा किलोच्या खोक्यांवरच्या चिकटपट्ट्या काढणे. यांतली एकही गोष्ट अवघड नाही. पण अशी तीस-चाळीस कामे रोज असतात आणि त्यांतली बरीच एका हाताने करावी लागतात, कारण दुसऱ्या हातात वेल, नळी किंवा शिडी असते. अंगठ्याने खुंटी रेटून पाते एका हाताने उघडता येणे हा माझ्या दृष्टीने चैनीचा भाग नाही.

धार सर्वांत लवकर कशाने जाते, असे कोणी विचारले तर मी पुठ्ठ्याचे नाव घेईन. लाकूड, दोरी, नळी यांपेक्षा खोक्यांचा पुठ्ठा पात्याला जास्त खातो, कारण पुनर्वापराच्या कागदात माती आणि खनिजांची बारीक कणी असते. खोक्यांच्या हंगामात मी खिशात एक स्वस्तातला, पाते मोडून बदलता येणारा कटर वेगळा ठेवतो. चांगली वस्तू आहे म्हणून ती प्रत्येक कामाला लावणे मला पटत नाही.

दोन कामांत तर हा चाकू साफ निरुपयोगी आहे, आणि ती दोन्ही आमच्या भागातली मोठी कामे आहेत. पहिले काम कलमांचे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये डॉगरिज या जातीच्या द्राक्षखुंटावर पाचर कलम करताना काडीच्या टोकाला साधारण दीड-दोन इंचांची पाचर एका ओढीत, आरशासारखी सपाट काढावी लागते. माझ्या चाकूची धार दोन्ही बाजूंनी उतरती आहे. ती लाकडात शिरताना किंचित वळते आणि पाचरेला पोट येते. पोट आले की खुंटाच्या चिरेत पोकळी राहते आणि कलम दगावते. कलमे बांधणाऱ्या माणसांचे चाकू एकाच बाजूने घासलेले, दुसऱ्या बाजूने पूर्ण सपाट असतात, आणि ते दुसऱ्याच्या हातात देत नाहीत, हे योग्यच आहे.

दुसरे काम बोर्डो मिश्रणाच्या, म्हणजे बुरशीवर फवारायच्या मोरचूद-चुन्याच्या द्रावणाच्या, परीक्षेचे. एक टक्क्याच्या मिश्रणाला १०० लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना लागतो; पण चुना जुना असेल तर तेवढा पुरत नाही, आणि मोरचूद मोकळे राहिले तर कोवळी पाने करपतात. जुने बागायतदार मिश्रणात लोखंडी विळा थोडा वेळ बुडवून पाहतात. मोरचूद मोकळे असेल तर त्यातले तांबे लोखंडावर चढते आणि विळ्याला लालसर झाक येते; मग आणखी चुना घालायचा. माझ्या चाकूच्या पोलादात सुमारे १४ टक्के क्रोमियम आहे, त्याच्या पृष्ठभागावर संरक्षक पापुद्रा असतो, आणि म्हणून त्यावर तांबे सहजी चढत नाही. गंजू नये म्हणून दिलेला गुणच इथे आड येतो. विळ्याची जागा माझ्या घरात त्यामुळे कायम आहे.

या चाकूचा खरा कस २०१९ च्या ऑगस्टमध्ये लागला. कृष्णेला पूर आला, सांगलीत आयर्विन पुलाजवळची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, आणि भिलवडीच्या बाजूला माझ्या मामांच्या गोठ्यात पाणी शिरले तेव्हा मी तिथे होतो. म्हशी दावणीला बांधलेल्या होत्या आणि नायलॉनच्या दाव्यांच्या गाठी पाण्याने फुगून दगडासारख्या झाल्या होत्या. कमरेएवढ्या गढूळ पाण्यात एका हाताने म्हशीचे शिंग धरून दुसऱ्या हाताने मी चाकू उघडला. दावे पाण्याखाली होते, दिसत नव्हते. ते बोटाने चाचपून पात्यावर घेतले आणि स्वतःकडे न ओढता बाहेरच्या बाजूला ओढले. म्हैस हिसका देत होती आणि प्रत्येक हिसक्याबरोबर पात्यावर आडवा ताण येत होता. पाच दावी कापली. खटका एकदाही हलला नाही, हे मला नंतर कोरड्यावर उभा राहिल्यावर जाणवले, कारण त्या वेळी त्याचा विचार करायला अवसर नव्हता.

घरी आल्यावर चाकू उघडताना करकर आवाज येत होता. कृष्णेचा गाळ पिठासारखा बारीक असतो आणि तो चकत्यांच्या मागेपर्यंत गेला होता. मी वरून तेल सोडणार होतो. अण्णांनी हात धरला. “तेल सोडलंस तर गाळाची पेस्ट हुईल आणि चकत्या खाईल. आधी उघड.” चाकूबरोबर आलेल्या षटकोनी पान्याने त्यांनीच तो उघडला, सुटे भाग पितळी वाटीत मांडले, प्रत्येक भाग पाण्याने, मग रॉकेलने धुतला, सुकवला, आणि सोबत आलेल्या नळीतल्या ग्रीसचा ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका देऊन पुन्हा जोडला. पाते पहिल्या दिवसासारखे फिरू लागले. रिव्हेट ठोकलेला चाकू असता तर तो उघडताच आला नसता, आणि गाळासह वापरावा किंवा टाकावा लागला असता.

धारेचा प्रसंग याच्या उलट आहे, कारण त्यात चूक माझी होती. २०२१ च्या ऑगस्टमध्ये कामाच्या गर्दीत मी चाकू एका आठवडी बाजारात विजेच्या सहाणेवर धार लावणाऱ्याकडे दिला. ठिणग्या उडाल्या, दोन मिनिटांत त्याने तो परत केला, आणि नखावर धार चांगली लागली म्हणून मी समाधानाने घरी आलो. दुसऱ्या दिवशी ठिबकची नळी कापताना टोकाकडची कड शिशासारखी वळली. उन्हात धरून पाहिले तेव्हा तिथे निळसर छटा होती. सहाणेच्या वेगाने पातळ कड तापली होती आणि पोलादाचे पाणी उतरले होते. तो भाग पुन्हा कडक करता येत नाही. घासून काढूनच टाकावा लागतो, तोही न तापवता, म्हणजे हाताने.

इथे पोलादाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. माझ्या चाकूचे पाते सीपीएम एस३५व्हीएन या पोलादाचे आहे. अमेरिकेतल्या क्रूसिबल कंपनीने रीव्ह यांच्या सहभागाने २००९ साली ते बाजारात आणले. वितळलेल्या धातूची आधी भुकटी करून मग ती दाबून एकजीव केली जाते, त्यामुळे त्यातले कठीण कण बारीक आणि सारखे विखुरलेले राहतात. त्यात सुमारे १.४ टक्के कार्बन, तीन टक्के व्हॅनेडियम आणि अर्धा टक्का नायोबियम असते. व्हॅनेडियमचे कार्बाइड आपल्या नेहमीच्या कुरुंदाच्या दगडापेक्षा कठीण असते. धार जास्त दिवस टिकते ती या कणांमुळे, आणि घरच्या दगडावर हे पाते सावकाश उतरते तेही त्यांच्यामुळेच. मी हिऱ्याच्या भुकटीचा मुलामा दिलेली पट्टी मागवली आणि जवळपास दोन आठवडे रोज संध्याकाळी अर्धा तास, दर बाजूला साधारण वीस अंशांचा कोन धरून ती निळी कड उतरवली. तेव्हापासून धार मीच लावतो. महिन्यातून एकदा हिऱ्याची पट्टी, आणि एरवी आठवड्यातून एकदा चामड्याच्या पट्ट्यावर हिरव्या पॉलिशने वीस-पंचवीस ओढी, जशा न्हावी वस्तऱ्याला देत असत. पाते ओढताना धार मागे आणि पाठ पुढे ठेवायची, नाहीतर चामडे कापते.

मिरजेत तलवारींची डागडुजी करणाऱ्या आणि त्यांना पाणी-धार देणाऱ्या शिकलगारांची घराणी एकोणिसाव्या शतकात सतार आणि तंबोरे घडवू लागली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मी मिरजेत सतारमेकर गल्लीतून जातो तेव्हा भोपळ्याच्या कडेवर रंधा चालवणाऱ्या हातांकडे पाहत उभा राहतो. त्या हातांना कोन धरणे पिढ्यान्पिढ्या माहीत आहे. आज धार लावण्याचे काम रस्त्यावरच्या मोटारीकडे गेले आहे, म्हणून चांगला चाकू घेणाऱ्याने धार लावणे आपले आपण शिकावे, असे मला मनापासून वाटते. ते शिकायचे नसेल तर महाग पोलाद घेऊ नये.

चाकू बाळगण्याबद्दल मी एक पथ्य पाळतो. शस्त्रविषयक नियमांतली नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची मर्यादा माझ्या चाकूपासून फार दूर आहे, आणि शेतीच्या व घरगुती अवजारांना तीतून वगळलेले आहे. पण सणांच्या किंवा निवडणुकीच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली जे आदेश निघतात, त्यांत सार्वजनिक ठिकाणी चाकू बाळगण्यासही मनाई असू शकते. म्हणून चाकू शेतात आणि घरात. सांगलीला कचेरीत, दवाखान्यात, लग्नकार्यात जाताना तो दाराजवळच्या कोनाड्यात राहतो. लोकांत तो कोणाच्या तोंडासमोर उघडू नये, आणि दुसऱ्याला देताना मिटूनच द्यावा.

एवढ्या किमतीचा चाकू घ्यावा का, असे मला बरेच जण विचारतात. ज्याला दिवसातून दोनदा लिंबू आणि पाकीट कापायचे आहे, त्याने घेऊ नये. फ्रान्समधला ओपिनेलचा लाकडी मुठीचा चाकू १८९० पासून तयार होत आहे. त्याच्या मोठ्या आकारांना पाते जागेवर धरणारी फिरती कडी १९५५ साली बसवण्यात आली, आणि सांधा-खटक्याचा प्रश्न इतक्या थोड्या भागांत सोडवलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही. ज्याचा चाकू रोज रसात, मातीत आणि पाण्यात जातो, ज्याला तो वर्षातून एकदा उघडून पुन्हा जोडायची हौस आहे, त्याला महागडा चाकू परवडतो. माझा खर्च नऊ वर्षांत विभागला तर दिवसाला सात रुपयांच्या आसपास येतो, आणि या काळात मी दुसरा चाकू घेतलेला नाही. तेवढ्यावरून तो स्वस्त ठरतो असे मात्र मी म्हणणार नाही. लोहाराचा चाकू या हिशेबात अजूनही जिंकतो.

अण्णांनी पहिल्या वर्षीपासून एक वही ठेवली होती. कारखान्यातली सवय, दर मे महिन्यात चाकू साफ झाला की ते टाचेपासून ३० मिलिमीटरवर पात्याची रुंदी व्हर्नियर या बारीक माप घेणाऱ्या अवजाराने मोजत आणि तारखेसह लिहीत. त्याशेजारी खटक्याची पट्टी टाचेवर किती आत येऊन बसते त्याचे डोळ्यांनी केलेले अनुमान. २०१७ ते २०२० या तीन वर्षांत रुंदी ०.३ मिलिमीटर घटली. सहाणेच्या चुकीपायी २०२१ मध्ये एकदम ०.८ मिलिमीटर गेली, आणि त्या नोंदीपुढे अण्णांनी फक्त ‘बाजार’ असा एक शब्द लिहिला आहे. २०२२ च्या पावसाळ्यात अण्णा गेले. त्यानंतरच्या नोंदी माझ्या अक्षरात आहेत.

यंदा पडवीत चाकू जोडून झाल्यावर मी व्हर्नियर काढला. पहिल्या मापापेक्षा एकूण १.५ मिलिमीटर कमी. खटका सुरुवातीला टाचेच्या जाडीच्या निम्म्यावर बसत असे, आता निम्म्याच्या थोडा पुढे बसतो. स्क्रू शेवटपर्यंत आवळला, पाते दोन बोटांत धरून डावीकडे-उजवीकडे हलवून पाहिले, आणि वहीत लिहिले: सांधा, काही नाही.